ताहेर चाचांची काळी पट्टी

माझी बायको भयकथा लिहिते. हे मी चारचौघांत सांगितलं की लोक आधी तिच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात आणि "अच्छा" म्हणतात. त्या 'अच्छा'त माझ्याबद्दल बरंच काही असतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, तिच्या लेखनाशी माझा संबंध नाही. ती लिहायला लागली तेव्हा अकरा वर्षांची होती आणि अकोल्यात होती. मी तेरा वर्षांचा होतो आणि अमरावतीत होतो. मला तेव्हा कोणी घाबरत नव्हतं. आताही ती परिस्थिती फारशी सुधारलेली नाही.

रागिणी नांदगाव खंडेश्वरला जमीन मोजणीच्या ऑफिसात आहे. बांधावरून दोन भाऊ भांडायला लागले की ही यंत्र घेऊन जाते, शेत मोजते, नकाशा काढते. मग ते दोघे भाऊ एक होतात आणि तिच्याशी भांडतात. रोज अमरावतीहून जाणं-येणं, सव्वीस वर्षं. संध्याकाळी घरी आली की हातपाय धुते, चहा घेते आणि निवडायची भाजी माझ्यासमोर ठेवून स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसते. लिहिते ते असं, की वाचणाऱ्यानं उठून दाराची कडी तपासावी. लिहिताना चेहरा मात्र विजेचं बिल पाहत असल्यासारखा.

मीही लिहितो. एका दैनिकात दर रविवारी विनोदी सदर. लोक भेटले की "वाचतो बरं का तुमचं" म्हणतात आणि विषय बदलतात. रागिणीची कथा दिवाळी अंकात आली की लोक मला थांबवून ती कथा मलाच पहिल्यापासून सांगतात. दोन लेखनांतला फरक मला त्यातून समजला आहे. समजावून घ्यायला बारा वर्षं लागली.

यंदा तिचं पहिलं पुस्तक निघायचं होतं. अकरा कथा, पुण्याचे प्रकाशक. पुस्तकाला जिचं नाव द्यायचं ठरलं त्या कथेचं नाव 'मोजणी'. एका गावात एक शेत असतं. मोजलं की ते कागदावर आहे त्यापेक्षा थोडं जास्त भरतं. साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद, एवढंच जास्त. पुढच्या वर्षी पुन्हा मोजलं की आणखी तेवढंच. शेतमालक खूश असतो, जमीन वाढल्याची तक्रार कोण करेल? फक्त दर मोजणीनंतर बांधावर चहाचे कप गोळा करणाऱ्या म्हातारीच्या लक्षात येतं, की मोजायला आलेली माणसं चार आहेत आणि कप पाच.

ही कथा आधी एका अंकात आली तेव्हा खुशालराव नावाचे एक शेतकरी रागिणीच्या ऑफिसात अंक घेऊन आले होते.

"म्याडम, हे खरं हाये का?"

"नाही काका, गोष्ट हाये."

"नाही, म्हटलं, वाढत असन कोनाचं त आमचं आधी मोजा."

शुक्रवारी संपादकांचा फोन आला. संपादक भले गृहस्थ. बोलणं इतकं मऊ, की ते आपल्याला नकार देत आहेत हे फोन ठेवल्यावर कळतं. रागिणीनं फोन स्पीकरवर ठेवला होता.

"ताई, कथा उत्तम आहे. फक्त 'मोजणी'चा शेवट. वाचकाला कारण हवं असतं हो. पाचवा माणूस गेला कुठे? भूत असेल तर भूत म्हणा, नसेल तर उलगडा द्या. सोमवारी पानं छापायला जायची आहेत, तोवर तेवढं बदलून दिलंत तर छान. नाहीतर ही कथा आपण या पुस्तकात नको घेऊ या."

मी भाजी चिरत होतो. वास्तविक गप्प बसायला हरकत नव्हती. पण कारण देणं हा माझा धंदा आहे. मी तिथूनच म्हणालो, "साहेब, असं करा. पाचवा माणूस नव्हताच. कोणीतरी बोगस नाव हजेरीपटावर घुसवलं होतं आणि त्याचा पगार खात होतं. चौकशी लागते, भांडं फुटतं, अटक होते. भयकथेतून एकदम व्यवस्थेवर भाष्य."

"वा," संपादक म्हणाले. "वा. सामाजिक परिमाण मिळालं."

परिमाण मिळालं म्हटल्यावर मी आणखी दोन वांगी उत्साहानं चिरली. रागिणीनं फोन ठेवला, वही मिटली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती बांधावरच्या दोन्ही भावांकडे पाहते.

"तुमाले आवडला हा शेवट?"

"पटतो. आणि पुस्तक निघणं महत्त्वाचं. अडतीस वर्षं लिहून राहिली तू. 'मोजणी'च नसली तर पुस्तकात उरलं काय?"

"मी पटते का नाही हे नाही विचारून राहिली."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "रविवारी अकोल्याले जाऊ. ताहेर चाचाले आयकवते. चाचा ज्याले काळी पट्टी लावन, तो शेवट ठेवू."

ताहेर चाचांबद्दल मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो होतो. पट्टीबद्दलही. त्यामुळे मी वाद घातला नाही. मला माझ्या शेवटाबद्दल खात्री होती, हेही एक कारण.

रविवारी सकाळी सातला निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. हा रस्ता चांगला झाल्यापासून या भागातल्या माणसांजवळ उशिरा येण्याचं कारण उरलेलं नाही. तरी ती उशिरा येतात, यावरून कारणाचं महत्त्व किती असतं ते दिसतं. हे मला आता सुचतं आहे. त्या दिवशी गाडी चालवताना मी कारणांच्या बाजूचा होतो. रागिणीनं मांडीवर कथांची छापून काढलेली पानं धरली होती, तारेच्या गोल स्पायरलमध्ये बांधलेली.

अकोल्यात ताजनापेठेत ताहेर चाचांचं बाइंडिंगचं दुकान. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिथं कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, वकिलांची कायद्याची पुस्तकं शिवली जायची. लोक कादंबऱ्याही शिवायला टाकत, बहुतेक भुताखेतांच्या, कारण त्याच हातोहात फिरून खिळखिळ्या व्हायच्या. कायद्याचं पुस्तक माणूस परत नेतो, त्यावर त्याचं काही अडलेलं असतं. भुताचं पुस्तक परत न्यायला कोणी यायचं नाही. पाच-सहा वर्षांत अशी अडीचशे पुस्तकं साठली, तेव्हा चाचांनी एक कपाट केलं आणि ती वाचायला द्यायला लागले.

अडचण एकच. चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. वऱ्हाडी बोलायचे ती आमच्यापेक्षा अस्सल. पण शिकले उर्दू शाळेत, तेही चौथीपर्यंत. मराठी आकडे ओळखायचे, पानं क्रमानं लावण्यापुरते. तेव्हा कपाटात काय आहे हे कळावं म्हणून त्यांनी एक नियम केला. पुस्तक परत आणणाऱ्यानं दुकानात उभं राहून गोष्ट सांगायची. चाचा खाली बसून सुईदोरा चालवत ऐकायचे. गोष्ट जशी असेल तशी पुस्तकाच्या पाठीवर बाइंडिंगच्या कापडाची पट्टी चिकटवायचे. पांढरी पट्टी, कोणीही न्या. पिवळी, उजेड आहे तोवर वाचा. लाल, घरी विचारून या. काळं कापडही त्यांनी आणून ठेवलं होतं, पण ते तोवर कोणत्याही पुस्तकाला लागलं नव्हतं. आणि ज्याला गोष्ट सांगता आली नाही त्यानं पुस्तक वाचलं नाही, सबब त्याला पुढचं मिळायचं नाही.

रागिणीनं दहाव्या-अकराव्या वर्षी ते कपाट अर्धं संपवलं होतं. एकदा तिनं टेकडीवरच्या एका बंगल्याचं पुस्तक नेलं. मुखपृष्ठावर हिरवा हात. बंगल्यात पावलं वाजतात, दारं आपोआप लागतात, नोकर पळून जातात. ती दोनशे पानं घाबरली, मनापासून, आणि शेवटच्या बारा पानांत कळलं, की बंगला बळकावायला निघालेला पुतण्या पांढरी चादर पांघरून फिरत होता.

ती इतकी चिडली, की तो पुतण्या तिनं चाचांना सांगितलाच नाही. चाचांसमोर उभी राहिली आणि शेवटाशी आल्यावर वेगळंच बोलायला लागली. बंगल्याच्या गच्चीवर एक टाकी आहे. नळाला पाणी नाही. मोलकरीण रोज टाकीत डोकावते. काल गुडघाभर होतं, आज मांडीभर आहे. नळ तर आला नाही. परवा कमरेइतकं. पाणी आपोआप वाढतं आहे, कारण आत कोणीतरी बाई बसलेली आहे आणि ती रोज थोडी वर सरकते आहे.

अकोल्याबाहेरच्या वाचकाला यात काय विशेष, असं वाटेल. अकोल्यात तेव्हा नळ चार-चार दिवस यायचा नाही. नळ न येता टाकीतलं पाणी वाढणं, यापेक्षा विचित्र गोष्ट त्या शहरात कोणी ऐकली नव्हती. चाचांची सुई अर्ध्यात थांबली. ते उठले, दुकानातल्या माठावरचं झाकण त्यांनी नीट बसवलं, आणि काळं कापड कापलं.

पुढं जे झालं ते केवळ ताजनापेठेतच होऊ शकतं. काळी पट्टी लागली म्हटल्यावर पुस्तकासाठी रांग लागली. पहिल्यांदा नेलं तारघरातल्या उत्तमरावांनी. परत आणून त्यांनी प्रामाणिकपणे पुतण्या सांगितला.

"तुमी वाचलं नाही," चाचा म्हणाले.

"वाचलं ना, पूर्ण वाचलं."

"टाकीतली बाई कुठाय मंग?"

उत्तमरावांनी पुस्तक पुन्हा नेलं, पुन्हा वाचलं. बाई सापडली नाही. तारघरात मजकूर तपासून देणारा माणूस, त्याला स्वतःबद्दलच शंका यायला लागली. शेवटी त्यांनी दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून टाकीची हकीकत समजून घेतली, चाचांना बिनचूक सांगितली आणि पुढचं पुस्तक मिळवलं. मग सगळ्यांनाच कळलं. पुस्तकात काहीही असो, चाचांसमोर टाकीतली बाई सांगायची. सहा महिन्यांत ताजनापेठेत निदान साठ माणसं ती गोष्ट तोंडपाठ सांगत होती, त्यातल्या काहींनी पुस्तक उघडलंही नव्हतं. प्रत्येक जण थोडी आपली भर घालायचा. टाकीच्या झाकणावर दगड ठेवायची पद्धत तिकडे तेव्हा पडली. अजून आहे. कारण विचारलं तर लोक माकडं सांगतात.

मी इतकी वर्षं लिहितो, पण माझ्या लेखनामुळे कोणी कशावर साधा पेपरवेट ठेवल्याचं ऐकिवात नाही.

उलगडा केला चाचांच्या मुलीनं, आरजूनं. ती मराठी शाळेत आठवीत होती. तिला भुताची पुस्तकं वाचायला मनाई होती, म्हणून वेळ लागला. दुपारी चोरून वाचून तिनं वडिलांना सांगितलं, "अब्बा, इसमें टाकी नहीं है. भतीजा है." चाचांनी रागिणीला बोलावणं पाठवलं. ती गेली ती आता कपाट बंद झालं असं समजूनच. ही हकीकत सांगताना ती अजून या ठिकाणी थांबते.

"टाकीतली बाई पुस्तकात नाही म्हन्ते आरजू."

"नाही."

"मंग कुठून आनली?"

"आमच्या टाकीतून."

"अन् तो पुतन्या? त्यानं काय बिघडवलं तुयं?"

"पुतन्याले कोन घाबरते चाचा? आमच्या घरी चार हायेत."

चाचांनी मग कातरी घेतली, पुस्तकाचा दोरा उसवला, शेवटची बारा पानं काढून बाजूला ठेवली आणि त्या जागी बारा कोरी पानं शिवली.

"लिही," ते म्हणाले. "पट्टी लागून गेली हाये. ते आता निघत नाही."

सहावीतल्या अक्षरात, निळ्या पेनानं, दुसऱ्याच कोणाच्या पुस्तकाच्या शेवटी, हे माझ्या बायकोचं पहिलं लेखन. मी ते पाहिलेलं नाही. ते पुस्तक कोणीतरी नेलं ते परत आणलं नाही.

नऊला आम्ही दुकानाशी गाडी लावली. दर्शनी भागात आता चाचांचा नातू अफनान बसतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. आतल्या बाजूला चटईवर चाचा. वय चौऱ्याऐंशी. मोतीबिंदू काढलेले, कान शाबूत. काम फारसं नाही, पण समोर कागदाचा गठ्ठा ठेवलेला असतो आणि ते त्याच्या घड्या घालत बसतात.

"आओ बेटा. जवाईबापू, बसा. अंदर बोल दे अफनान, चाय." मग त्यांचं लक्ष रागिणीच्या हाताकडे गेलं. "हे काय आनलं? कमरेले तार कोनं बांधली इच्या?"

"छापाच्या आधीचं हाये चाचा. कच्चं."

"कच्चं असलं म्हनून काय झालं," चाचा म्हणाले, आणि ती पानं त्यांनी जखमी पाखरासारखी बाजूला ठेवली.

रागिणीनं येण्याचं कारण सांगितलं. गोष्ट एक, शेवट दोन. सोमवारी एक पाठवायचा. कोणता शेवट कोणाचा, ते तिनं सांगितलं नाही. मी मनातल्या मनात तिचा आभारी झालो. ती उभी राहिली. बसून सांगा, असं चाचांनी म्हटलं नाही. दुकानाचा नियम अजून चालू होता. एकोणपन्नास वर्षांची सरकारी नोकर, खांद्याला पर्स, काउंटरला एक हात टेकवून गोष्ट सांगायला लागली.

मी 'मोजणी' तीनदा वाचली आहे. ऐकली नव्हती. कागदावर ती जिथं स्वल्पविराम देते, तिथं तोंडानं सांगताना ती थांबून समोरच्याकडे पाहते. शेत साडेपाच फुटांनी वाढलं. शेतमालकानं पेढे वाटले. म्हातारीनं कप गोळा केले. चाचा घड्या घालत होते. अफनान झेरॉक्सच्या मशीनला टेकून ऐकत होता.

पहिला शेवट तिनं माझा सांगितला. नीट सांगितला, अन्याय केला नाही. चौकशी लागली, हजेरीपट तपासले, बोगस नाव निघालं.

चाचांचे हात चालूच होते. "मंग?"

"मंग अटक झाली."

"कोनाले?"

"बोगस मानूस दाखवनाऱ्याले."

"हे त पेपरात येते रोज," चाचा म्हणाले. "अन् साडेपाच फूट? ते वावर काहून वाढलं?"

रागिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही, हा तिचा मोठेपणा. शेत का वाढलं, याचा मी विचारच केला नव्हता.

"पांढरी," चाचांनी निकाल दिला. "लहान लेकराले द्या."

इतक्यात आतल्या पडद्यामागून जैनबबी चाचींचा हात आला, त्यात चहाचा ट्रे. अफनाननं तो घेऊन काउंटरवर ठेवला. चहाकडे कोणी पाहिलं नाही, कारण रागिणीनं दुसरा शेवट सुरू केला होता.

"ऑफिसात मोजणीचे कागद तपासून राहिले. कोन कोन गेलं होतं वावरात, त्यांच्या सह्या. चौघं टेबलाभोवती बसले हायेत. सह्या मोजते त पाच. साहेब विचारते, पाचवी कोनाची? एक म्हन्ते, मायी नाही. दुसरा म्हन्ते, आपन चारच गेलो होतो. तिसरा म्हन्ते, हे नावच आयकलं नाही कधी." ती थांबली. "अन् ज्याची सही हाये तो तिथंच टेबलापाशी उभा हाये. म्हनून राहिला, साहेब, मायी हाये. साहेब, मी हाये ना. कोनीच मान वर करत नाही. शिपाई येते, त्याच्या अंगावरून हात लांबवून चहा ठेवते. चार कप."



चाचांचे हात थांबले होते. कधी थांबले ते मी पाहिलं नव्हतं. घडी अर्धवट पडलेला कागद त्यांच्या बोटांत तसाच होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि मान वळवून काउंटरकडे पाहिलं.

"अफनान, चाय किती आली?"

अफनाननं ट्रेकडे पाहिलं. पाहतच राहिला. "पाच."

"आपन किती?"

त्यानं मोजलं. दादाजान, रागिणी फुफी, मी, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "चार."

 झेरॉक्स मशीनचा पंखा चालू होता. मी सुशिक्षित माणूस आहे. पाचव्या कपाचं कारण असणार हे मला माहीत होतं आणि ते अगदी साधं असणार हेही माहीत होतं. तरी मी नकळत भिंतीला पाठ लावली.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ उभे राहिले. "आधारची दोन्ही बाजूनं एक कॉपी द्या." अफनान जागेवरच दचकला आणि स्टेपलर खाली पडला. चाचांनी त्या गृहस्थांकडे निरखून पाहिलं.

"तुमी आताच आले ना?"

"हो."

"पहिल्यापासून नव्हते न इथं?"

"नाही बा. आताच उतरलो ऑटोतून. काहून?"

"काही नाही," चाचा म्हणाले. "देऊन दे त्याले, अफनान."

ते गृहस्थ कॉपी घेऊन गेले, जाताना दोनदा मागं वळून पाहिलं. आम्ही चार कप उचलले आणि चहा प्यालो. पाचव्याला कोणी हात लावला नाही. त्याच्यावर साय धरताना मी पाहिली.

चहा झाल्यावर चाचांनी कातरी मागितली. स्पायरलची तार त्यांनी एका टोकाला कापली, फिरवत फिरवत बाहेर काढली आणि दूर टाकली. पानं ठोकून सारखी केली. तारेच्या भोकांवर बोट फिरवून एक वाईट शब्द बोलले, तो तारेला उद्देशून होता. मग सुई ओवायला अफनानकडे दिली, कारण तेवढं आता जमत नाही. बाकी सगळं त्यांनी स्वतः केलं. पाऊण तास लागला. रागिणी समोर बसून शिवण पाहत होती. तिला पुरस्कार मिळाले तेव्हा मी तिच्या शेजारी होतो. तिथं शाल घेताना तिच्या चेहऱ्यावर जे काही नसायचं, ते इथं होतं.

शेवटी चाचांनी मागच्या फळीवरून कापडाची एक जुनी गुंडाळी काढायला लावली. काळं कापड घड्यांवर राखाडी पडलं होतं.

"तुया नंतर हे कापलं नाही मी," ते म्हणाले. "लोक आनत होते गोष्टी. लालवरच राहात होत्या." पट्टी पाठीवर चिकटवून त्यांनी अंगठ्यानं दाबली, वरून खालपर्यंत, दोनदा. "टाकीत पानी वाढत होतं, इथं वावर वाढून राहिलं. तुले वाढलेलंच कसं दिसते बेटा? आमाले त सगळं कमीच झालेलं दिसते."

"मोजते ना मी चाचा रोज," रागिणी म्हणाली.

निघायच्या आधी मी ट्रे उचलला. चार रिकामे कप, एक भरलेला. आत नेऊन देणं हे जावयाचं काम नाही, पण मला आत जायचं होतं. पडद्याशी पोचलो. पलीकडे जैनबबी चाची बसलेल्या होत्या, समोर मेथीची जुडी. पाच कप का पाठवले, एवढंच विचारायचं होतं. त्या म्हणाल्या असत्या, कोणी आलं तर असावा म्हणून एक जास्त टाकते. किंवा म्हणाल्या असत्या, माझा होता, न्यायला विसरले. दोन सेकंदांत प्रकरण मिटलं असतं. आयुष्यभर मी हेच केलं आहे. जिथं काही अंधुक दिसलं तिथं जाऊन त्याचं कारण आणलं आहे आणि त्याचं सदर केलं आहे.

त्यांनी वर पाहिलं. "क्या हुआ जवाईबापू? चाय नहीं पी किसीने?"

"पी ना चाची," मी म्हणालो. "छान होती." आणि ट्रे ठेवून परत आलो.

बोरगाव मंजू आलं. शिवलेली पानं रागिणीच्या मांडीवर होती, पट्टी वरच्या बाजूला.

"चाचीले विचारलं ना तुमी? कपाचं?"

"नाही."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "काहून?"

"विचारलं असतं त पट्टी पांढरी झाली असती."

ती हसली नाही.  मूर्तिजापूर मागं पडल्यावर तिनं फोन काढला आणि संपादकांना लिहिलं. लिहून झाल्यावर, गाडी टोलच्या रांगेत थांबली तेव्हा, फोन माझ्यापुढे धरला.

"पाहा, बरोबर हाये का?"

शेवट बदलायचा नाही. पाचवी सही आहे तशी राहू द्या. तशी छापता येत नसेल तर पूर्ण पुस्तक परत पाठवा.

शेवटच्या वाक्यावर मी थोडा थांबलो. अडतीस वर्षांचं लेखन त्या वाक्यात होतं आणि ते तिनं विजेचं बिल भरावं तसं लिहिलं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तिनं संदेश पाठवला. अमरावती येईपर्यंत उत्तर आलं नव्हतं. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, टेबलावर वही उघडली आणि माझ्यासमोर पालकाची जुडी ठेवली. मी ती निवडली. तिच्या लेखनात माझा वाटा एवढाच आहे, आणि तो मी वाढू देणार नाही.